बंडीतला झिंगा

कर्नाटकातल्या आमच्या आळंदपासून समुद्र किती लांब आहे, हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात कधी पडला नव्हता. तुरीला भाव काय निघाला, ज्वारीला अजून एक पाणी मिळेल का, उमरग्याची बस गेली का, हे आमचे प्रश्न. समुद्राचा प्रश्न आमच्या गल्लीत आणला तो खंडूअण्णानं.

बसस्टँडमागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. परकर, ब्लाऊज, शाळेचे गणवेश, फॉल-पिको. शेजारचा गाळा बरेच दिवस बंद होता. एका सकाळी त्याचं शटर वर गेलं. आत एक जाडजूड, सावळा माणूस उकिडवा बसून भल्यामोठ्या लोखंडी तव्याशी बोलत होता.

"रुसू नको," तो तव्याला म्हणत होता. "हितली हवा येगळी हाय. तुला बी सवय व्हईल, मला बी व्हईल."

मग माझ्याकडं बघून अजिबात न लाजता म्हणाला, "गोव्याचा हाय त्यो. मराठी कळतंय त्याला, पर जरा सावकाश बोलावं लागतंय."

हा खंडूअण्णा. निंबर्ग्याच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. तरुणपणी मेंढरांना कंटाळून घर सोडलं, गोव्यात एका मोठ्या हॉटेलात भांडी घासता घासता आचारी झाला आणि डोक्याचे केस पिकायला लागल्यावर बायकोनं परत बोलावलं म्हणून आला. बायको सरूबाई, माहेर औरादकडचं चिंताकी. तिचं म्हणणं एवढंच की नवरा डोळ्यांसमोर असावा. नवरा आला, पण येताना गोव्याहून एक पदार्थ घेऊन आला, आणि त्या पदार्थानं सरूबाईला सवतीसारखा त्रास दिला.

पदार्थ असा. मोठा झिंगा सोलायचा, पाठीतला काळा दोरा काढायचा, लिंबू, मिरी, लसूण लावून ठेवायचा. मग त्याच्याभोवती डुकराच्या मांसाची खारवून धुरी दिलेली पातळ पट्टी गुंडाळायची. तिला तो बेकन म्हणायचा. गुंडाळी सुटू नये म्हणून दात कोरायची काडी आरपार टोचायची आणि मंद आचेवर उलटत-पालटत भाजायचं. पट्टी कुरकुरीत व्हायला हवी आणि आतला झिंगा मऊ राहायला हवा. झालं एका घासाचं काम. दुसरा घास घ्यायला जावं तर हातात नुसती काडी.

समोर अंड्यांचं दुकान आहे बशीरभाईंचं. पहिल्या दिवशी ते रस्ता ओलांडून आले, तव्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "क्या अण्णा, इत्ते से झिंगे को बंडी कायको पिन्हाए? थंडी बज रई क्या उसकू?"

सगळी गल्ली हसली. 'बंडीतला झिंगा' हे नाव त्या क्षणी पडलं. पण खंडूअण्णा हसला नाही. उलथनं खाली ठेवून, हात पुसून तो बशीरभाईंसमोर उभा राहिला.

"भाई, ती बंडी डुकराची हाय. तुमाला चालायची न्हाई. म्या कुणाला बी आधी सांगून मगच देनार. मागून कळलं असं माझ्या तव्यावर कधी व्हायचं न्हाई."

बशीरभाई एक पाऊल मागं सरकले. मग मान हलवून म्हणाले, "हौ. बोल दिए सो अच्छा किए."

तेवढ्यावर दोघांची दोस्ती जमली. डुक्कर न चालणाऱ्यांसाठी अण्णानं वेगळा तवा, वेगळी सुरी आणली. बशीरभाईंच्याच ओळखीच्या खाटकाकडून बोकडाच्या पोटावरची चरबीची जाळी आणायची आणि तिची बंडी करायची. शिवाय कुणाची गफलत नको म्हणून दुकानावर पेंटरकडून डुकराचं चित्र काढून घेतलं. पेंटरला डुक्कर जमलं नाही. लोक बघायचे आणि आत येऊन विचारायचे, "अण्णा, रेडकाचं मटन ठिवायलाव का?"

माझी आणि त्याची गाठ पडली ती टोपीमुळं. हॉटेलातल्या आचाऱ्याची पांढरी उंच टोपी त्याला शिवून हवी होती.

"किती उंच?" मी टेप काढून विचारलं.

"तिकडं जितका मोठा आचारी तितकी उंच टोपी असतीया, अक्का."

"मग तुमची किती धरू?"

त्यानं माझ्या दुकानाच्या छताकडं बघितलं. "तुमी धरा. म्या माझ्या तोंडानं कसं सांगू?"

मी कॉलरचं कॅनव्हास घालून, वरून कडक खळ देऊन टोपी शिवली. ती घालून तो स्वतःच्या गाळ्यात शिरला, तेव्हा शटरला अडकून टोपी बाहेर राहिली आणि अण्णा आत गेला. दुसरा कुणी असता तर टोपी कमी करून मागितली असती. त्यानं गवंडी बोलावून उंबऱ्याची पायरी फोडून घेतली.

धंदा मात्र काही केल्या बसेना. आळंदला माल विकायला आलेला शेतकरी सकाळपासून उपाशी असतो. तो हॉटेलात शिरतो तो बूड टेकायला आणि पोट भरायला. खंडूअण्णाकडं दोन्हींची सोय नव्हती. बाकडीच ठेवली नव्हती त्यानं. म्हणायचा, "ह्यो पदार्थ उभ्यानं खायाचा असतोय. हातात घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, तोंडात टाकायचा, फुडं व्हायचं." आणि हे पोटभर खायचं नव्हेच, हे तो गिऱ्हाइकाला आधी समजावून सांगायचा.

एकदा निंबर्ग्याकडचे एक म्हातारे शेतकरी आले, खांद्यावर रिकामं पोतं टाकलेलं. त्यांचं आणि अण्णाचं बोलणं मी मशीनवर पाय ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

"काय हाय रं हे?"

"ॲपेटायझर म्हनत्यात, अप्पा. जेवायच्या आदी खायाचं."

"कामून?"

"भूक लागावी म्हनून."

म्हाताऱ्यांनी खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. "लेका, भूक तर म्या घरनंच घिऊन आलोय. तुझ्याकडं ती घालवायला काय हाय का?"

अण्णानं हताश होऊन एक झिंगा पुढं केला. त्यांनी तो खाल्ला, काडी नीट निरखली, मान डोलावली. "चव ब्येस हाय. आता भाकर दे."

"भाकर न्हाई, अप्पा."

"मग हे खाऊन मानसानं कुठं जायाचं?"

अण्णानं मग कन्नड गिऱ्हाइकांसाठी 'ऊटक्के मुंचे', म्हणजे जेवणाआधी, अशी पाटी लावून बघितली. कन्नड गिऱ्हाईक पाटी वाचायचं, "बरं, जेवणाआधी ना? मग जेवण कुठाय?" म्हणून विचारायचं आणि शेजारच्या खानावळीत जायचं. सरूबाई रोज माझ्या दुकानात येऊन बसायची आणि गाऱ्हाणं घालायची. "लताअक्का, पाच मानसं येत्यात आन पाचीच्या पाची उपाशी जात्यात. असं हाटेल कुठं बघितलाव का? माझा भाऊ म्हनायलाय, आखाडीपतूर बघू, न्हाई तर तवा इकून शेळ्या घ्या."

शेळ्या हा शब्द भिंतीपलीकडं गेला की तिकडं तव्यावर उलथनं जरा जोरात आपटायचं. ज्या जनावरांपासून पळून तो समुद्रापर्यंत गेला होता, ती त्याच्या परत येण्याची वाट बघत होती.

त्याचा माल यायचा कसा, तीही एक गंमतच. झिंगे सोलापूरहून बर्फात यायचे. बेकन हैदराबादहून थर्माकोलच्या डब्यात, बसच्या टपावरून नाही, कंडक्टरच्या पायाशी बसून. अण्णा डबा घ्यायला टोपी घालून जायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पाव्हना येनार हाय."

एके दिवशी डबा आला. त्यानं कौतुकानं चिकटपट्टी सोडवली, तर आत बर्फात छोट्या छोट्या काचेच्या बाटल्या ओळीनं उभ्या. त्याचा चेहरा उजळला.

"अक्का, बघा! कंपनीनं सॉस धाडलाय वाटतं, वानगीदाखल."

तो बाटलीचं बूच उघडणार तेवढ्यात मी ती हातातून घेतली, कारण चिठ्ठीवर म्हशीचं चित्र होतं. ते आमच्या पेंटरनं काढलेलं नव्हतं, त्यामुळं म्हैस म्हैस म्हणून ओळखू येत होती.

त्याच वेळी गावाबाहेर जनावरांचे एक डॉक्टर चाळीसेक म्हशी आणि तेवढीच माणसं रांगेत उभी करून लसीकरण सुरू करत होते. त्यांनी त्याच बसनं आलेला आपला डबा उघडला. आत लालसर-पांढऱ्या पट्ट्या, एकावर एक, प्लास्टिकमध्ये. डॉक्टर बघतच राहिले. पहिल्या म्हशीचा मालक वाकून बघत म्हणाला, "डाक्टरसाब, यंदा टोचायच्या न्हाईत जनू. चिकटवायच्या का?" दुसऱ्यानं तर एवढ्यात आपल्या म्हशीची पाठ धोतरानं पुसून कोरडी केली होती.

डॉक्टर मोटारसायकलवर डबा घेऊन गावाकडं सुटले आणि खंडूअण्णा सायकलवर डबा घेऊन गावाबाहेर. दोघांची गाठ पेट्रोल पंपाजवळ पडली. तिथं जे भांडण झालं ते ऐकणाऱ्यांनी आम्हाला सांगितलं.

"उन्हात आणलात? कळतं का, ही लस आहे, खराब होते!"

"तुमी उगडून ठिवलाव! कळतंय का, त्यो बेकन हाय, पाघळतोय!"

दोघंही थंडाव्याची काळजी करणारी माणसं. भांडण लवकर मिटलं. पण पट्ट्या ढिल्या पडल्या होत्या, ठेवून चालणार नव्हतं. त्या दिवशी अण्णानं सगळाच माल तव्यावर घातला. संध्याकाळी म्हशी आटोपून डॉक्टर आले, पायरी फोडलेल्या उंबऱ्यात उभं राहून त्यांनी एकापाठोपाठ एक खायला सुरुवात केली आणि काड्या शर्टच्या खिशात ठेवत गेले. खिसा भरल्यावर थांबले. हे त्याचं पहिलं कायमचं गिऱ्हाईक. त्यांना घरी बायको जेवण करून ठेवायची, म्हणजे जेवणाआधी खाणारा माणूस अण्णाला शेवटी मिळाला.

पण एका डॉक्टरवर गाळा चालत नाही. आखाडी जवळ आली. सरूबाईचा भाऊ एकदा येऊन तवा हातानं उचलून, वजन बघून गेला. त्या दिवशी अण्णा कुणाशी बोलला नाही, तव्याशीसुद्धा नाही.

आणि मग काशक्कांच्या घरचं जावळ निघालं.

काशक्का म्हणजे आमच्या बाजारपेठेतलं मोठं नाव. तुरीची आडत नवऱ्यामागं एकटीनं चालवलेली, बोलणं कडक, नऊवारीला इस्त्री. त्यांचा मुलगा प्रशांत बंगळूरला कंपनीत. त्याच्या पोराचं जावळ शेतात करायचं ठरलं होतं. बोकडं, मांडव, डीजे. प्रशांत एक दिवस गाडीतून आमच्या गल्लीत आला, तव्याजवळ थबकला आणि ओरडला, "अरे! बेकनमधले प्रॉन्स? आळंदमध्ये?"

समोरचा माणूस पदार्थाला त्याच्या नावानं ओळखतो, हे अण्णाला इतक्या दिवसांनी ऐकायला मिळालं. डोळे भरून आले त्याचे. प्रशांतनं जावळासाठी मोठी ऑर्डर दिली. मांडवाच्या तोंडाशी वेगळं टेबल, पाटी लावून, येणाऱ्यानं आधी ते खायचं, मग पंगतीला बसायचं. "आईला मात्र आत्ता सांगू नका," तो म्हणाला. "एकदम दाखवू."

तिथंच घोळ झाला.

आदल्या दिवशी माझ्या कापड कापायच्या टेबलावर प्लास्टिक अंथरून आम्ही झिंगे गुंडाळत बसलो. मी, सरूबाई आणि माझ्याकडं हातशिलाई करणारी पारू. अण्णा मागं हात बांधून फिरत होता, टोपीसकट.

"लई आवळू नका. जरा सैल ठिवा."

"सुटंल की," मी म्हणाले.

"आक्रसती ती. नव्या सुती कापडावानी. तुमी परकर शिवताना काय करता?"

"आधी भिजवते. न्हाई तर शिवणीत माया ठेवते."

"हां! माया ठिवा."

मग मला जमलं. सरूबाईनं नाकाला पदर लावला होता आणि तोंडानं शेळ्यांचा जप चालू होता; पण तिच्या गुंडाळ्या सगळ्यात सुबक होत्या. अण्णानं तिची एक गुंडाळी उचलून उजेडात धरली आणि परातीत सगळ्यांच्या वर ठेवली. सरूबाईनं ते बघितलं. शेळ्यांचा जप तेवढ्यापुरता थांबला.

जावळाच्या दिवशी शेतात माणूस मावत नव्हता. चुलवणावर बोकडाच्या मटणाच्या डेगी आणि दोन मोठ्या पातेल्यांत येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, घातलेला रस्सा रटरटत होता. अण्णानं मांडवाबाहेर तवा लावून सगळा माल भाजला, परातींत रचला, पाटी टेबलाला टेकवून ठेवली आणि डीजेवाल्याला 'जरा बारीक आवाजात लाव, लोकांनी खाता खाता बोलायचं असतंय' हे समजवायला गेला. तेवढ्या वेळात काशक्का पाहणीला आल्या.

परातींकडं बघून त्यांनी मला विचारलं, "हे काय गं?"

"झिंगे हायत, अक्का. पाव्हण्यांना आधी एकेक द्यायचा..."

"एकेक?" काशक्कांचा आवाज चढला. "माझ्या नातवाचं जावळ, आन पाव्हन्याच्या हातावर एकेक? काशीनं काडी चाटवून पाठवलं म्हनतील! कुनाची अक्कल ही?"

मी "अक्का, ते..." एवढं म्हणेपर्यंत त्यांनी पहिली परात उचलली आणि कडेच्या रश्श्याच्या पातेल्यात पालथी केली. मग दुसरी. मग तिसरी. डावानं ढवळलं, तळहातावर घेऊन चाखलं. थांबल्या. परत घेतलं, परत चाखलं. "वाढा," म्हणाल्या. "झिंग्याचा रस्सा ब्येस झालाय."

अण्णा परत आला तेव्हा पराती रिकाम्या होत्या. पातेल्यात त्यानं वाकून बघितलं. लाल रश्श्यावर काड्या उभ्या-आडव्या तरंगत होत्या, कापणी झालेल्या रानात धसकटं दिसावीत तशा. तो कांद्याच्या पोत्यावर मटकन बसला. सरूबाई त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

पंगती बसल्या होत्या. वाढपी बादल्या घेऊन आले आणि डाव त्याच पातेल्यात घातला. पहिल्या ओळीत बशीरभाई पत्रावळीवर पाणी शिंपडत बसलेले होते. त्यांच्या पलीकडं कितीतरी माणसं अशी की ज्यांच्या घरात डुकराचं नाव काढत नाहीत. अण्णानं मान वर केली. प्रशांतच्याही ते लक्षात आलं होतं. तो धावत येऊन अण्णाच्या कानाशी लागला.

"अण्णा, बोलू नका. रस्सा सगळा एकच झालाय, कुणाला कळतंय? आईला कळलं तर मला शेतात गाडंल. तुम्हाला इथून पुढं या गावात एक ऑर्डर मिळायची नाही."

हे खरंच होतं. अण्णानं माझ्याकडं बघितलं, सरूबाईकडं बघितलं. मग उठला आणि सरळ डीजेकडं चालत गेला. गाणं मध्येच तुटलं. माइक खरखरला.

"हॅलो. हॅलो. म्या खंडू, आचारी. वाढप्यांनी हात थांबवा. कडंच्या पातेल्यात झिंगे हायत आन झिंग्यांच्या अंगावर डुक्कर हाय. कुनाची चूक न्हाई, माझा माल हाय. ज्याला चालतंय त्यानं खावा, ज्याला चालत न्हाई त्यानं शिवू नये. अलीकडचं पातेलं निर्मळ हाय."

हेच त्यानं कन्नडमध्ये सांगितलं, मग बशीरभाईंच्या दखनीत.

मांडवातल्या सगळ्यांच्या माना हळूहळू काशक्कांकडं वळल्या. कारण चाखताना सगळ्यांनी त्यांनाच बघितलं होतं. हातात डाव तसाच होता, हनुवटीला रश्श्याचा थेंब.

प्रशांतनं डोळे मिटून घेतले.

काशक्कांनी पदरानं हनुवटी पुसली. पातेल्याकडं बघितलं, अण्णाकडं बघितलं. मग माइकची गरज नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "बघायलाव काय माझ्याकडं? आत्ता चांगलं झालंय म्हनून सांगितलं म्या. बोललेलं काय मागं घेऊ आता? ज्याला चालतंय त्यो हिकडं बसा, ज्याला न्हाई त्यो तिकडं. आन वाढा, पोरं भुकेजलीत!"

मग जी उठाउठ झाली! सगळ्या पंगती पत्रावळ्या हातात धरून मोडल्या. शाळेत प्रार्थनेनंतर वर्ग बदलतात तशी माणसं इकडून तिकडं. दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या बाजूला गेले. एक जोडपं निघालं तर नवरा इकडं, बायको तिकडं, आणि मग नवऱ्यानं बायकोकडं बघून गुपचूप जागा बदलली. बशीरभाई पत्रावळ घेऊन अण्णाजवळून जाताना थांबले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या पातेल्याकडं गेले. म्हशींचे डॉक्टर डुकराच्या बाजूला सगळ्यात पुढं बसले होते.

कडेचं पातेलं आधी संपलं. रश्श्यात बेकनची धुरी उतरली होती, येसरानं तिला धरून ठेवलं होतं, आणि भाकरी कुस्करून माणसं अशी जेवत होती की वाढप्यांना उसंत नव्हती. अण्णाला पुन्हा एकदा माइक घ्यावा लागला. "हॅलो. आनखी येक. काड्या गिळू नका!" तोवर एका आजोबांनी दोन चावून टाकल्या होत्या. शेजारच्याला ते म्हणत होते, "ह्या मासळीचा काटा लई सरळ हाय बग. पर कवळा हाय."

सगळं आवरल्यावर काशक्का स्वतः ताट घेऊन आल्या आणि पोत्यावर बसलेल्या अण्णाच्या मांडीवर ठेवलं. भाकरी, कांदा आणि तळाशी राहिलेला रस्सा. सरूबाईनं भाकरी मोडून त्याच्या हातात दिली. त्यानं खाल्लं. सावकाश चावलं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

"येसर जरा जास्ती झालाय," तो म्हणाला.

"तुझी बंडी खारट हाय, येसरानं सावरली म्हनून बरं!" काशक्का कडाडल्या.

"खारट न्हाई. ती नुसती खायाची असतीया. तुमी बुडवलाव."

"बुडवला म्हनून तर संपला. न्हाई तर काड्या मोजत बसला असतास."

ते भांडण त्या दिवशी मिटलं नाही. पुढच्या आठवड्यात काशक्का रिक्षानं गल्लीत आल्या, उभ्यानं एक झिंगा खाल्ला, नाक मुरडलं आणि दुसरा मागितला. तिसऱ्या वेळी येताना येसराचा डबा घेऊन आल्या. आखाडी आली आणि गेली; सरूबाईचा भाऊ तवा न्यायला आला तेव्हा तवा चुलीवर होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अण्णा आणि काशक्का तावातावानं बोलत होते, म्हणून तो चहा पिऊन परत गेला. पुढं जावळं, बारशी, लग्नं, जिकडंतिकडं या दोघांना बोलावणी यायला लागली. ठरलं ते असं: पाव्हण्याला आधी दारात अण्णाचा झिंगा, मग पंगतीत काशक्कांचा रस्सा. डुकराचं पातेलं वेगळ्या चुलीवर, आणि पंगत बसायच्या आधी अण्णाची माइकवर तीन भाषांतली घोषणा. ती घोषणा ऐकायलाच म्हणे काही लोक लग्नाला लवकर येत.

गाळा त्यानं सोडला. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे आणि फोडलेल्या पायरीवरून लोक अडखळून शिव्या देतात. त्यामुळं अण्णाची रोजची भेट राहिली नाही.

शेवटचा मी त्याला बघितला तो गेल्या उन्हाळ्यात, भर बाजाराच्या दिवशी. दुपारची वेळ, रस्त्यावर तुरीच्या गाड्या, आणि मधोमध भांड्यांनी भरलेला एक टेंपो पंक्चर होऊन आडवा उभा. मागं कलबुर्गीची बस अडकलेली, तिच्यामागं ट्रॅक्टर, हॉर्नचा नुसता गोंगाट. ड्रायव्हर चाकाखाली घुसला होता. पुढच्या सीटवर काशक्का पदरानं वारा घेत बसल्या होत्या, सरूबाई मागं परातींवर हात ठेवून. आणि खंडूअण्णानं त्या धुळीत, टेंपोच्या फाळक्यावर गॅस पेटवला होता.

तो बसच्या खिडक्यांशी जाऊन हात वर करायचा. "डुक्कर चालतंय का? चालतंय? घ्या. तुमाला न्हाई? मग ही बोकडाची, बिनघोर घ्या." खिडक्यांतून हात बाहेर येत होते. घामानं डबडबलेली, उपाशी माणसं एकेक घास तोंडात टाकत होती आणि एकमेकांशी बोलायला लागली होती. हॉर्न थांबले होते. बसचा ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून काडी तोंडात धरून उभा होता.

"आरं मुडद्या, लग्नातलं सगळं हितंच संपवायलास का?" काशक्का ओरडत होत्या. पण खिडकीतून मान बाहेर काढून किती संपलं ते मोजतही होत्या आणि सरूबाईला "आनखी येक परात काढ" म्हणून खुणावतही होत्या.

मी गर्दीतून हाक मारली. त्यानं मला बघितलं, हात हलवला, आणि एवढ्यात चाक बसलं. टेंपो सुरू झाला. तो धावत जाऊन फाळक्यावर चढला. बसच्या पहिल्या खिडकीतला एक गडी काडी हलवत ओरडला, "आण्णा, ह्याच्यामागनं काय हाय?"

अण्णानं टोपी सावरत मोठ्यानं सांगितलं, "निंबर्ग्यात लगीन हाय! चला की!"

आणि खरं सांगते, दोघं जण पिशव्या घेऊन बसमधून उतरले आणि टेंपोमागं पळायला लागले.